हार्लो काउंटीची हरवलेली साखळी

१

मंगळवारी सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनी एडना तुस्कानोनं सभागृहातल्या काचेच्या कपाटावरचं मखमली आवरण ओढलं आणि तिथेच मटकन खुर्चीवर बसली.

कपाटात साखळी नव्हती. ज्या लाकडी गळ्यावर ती असायची, तो गळा तेवढा जागच्या जागी, पार बोडका.

आता ही काही कुत्र्याची साखळी नव्हे. तीन किलो चांदी, आणि तिच्या प्रत्येक दुव्यावर हार्लो काउंटीच्या एकेका माजी अध्यक्षाच्या नावाची पट्टी. दर डिसेंबरात मावळता अध्यक्ष ती गळ्यातून काढतो आणि नव्याच्या गळ्यात घालतो. यंदाचा, म्हणजे २०१७ सालचा सोहळा त्याच दिवशी दुपारी दोनला होता. हारतुरे नसतात इथे, पण कॉफी आणि बटर टार्ट सांगून ठेवलेले होते.

काउंटी म्हणजे काय, हे समजायला एडनाला स्वतःलाच तीन महिने लागले होते. कॅनडातून वसईला आईशी फोनवर बोलताना ती सांगायची, "आपली जिल्हा परिषद असते ना आई, तसंच. खाली सात गावं, प्रत्येक गावाचा मेयर. सातही मेयर एकत्र बसले की झाली काउंटी काउन्सिल. त्यांच्यातलाच एक जण वर्षभर अध्यक्ष. त्याला वॉर्डन म्हणतात."

"आणि करतात काय?"

"मोठे रस्ते, ॲम्ब्युलन्स, लायब्ररी, म्हाताऱ्यांसाठी होम, गरिबांची घरं."

"मग पाणी, फुटपाथ?"

"ते गावाचं."

"अगं, मग लोकांना कळतं कसं कुठे जायचं ते?"

"नाही कळत. म्हणून तर मला ठेवलंय!"

एडना काउंटरवर बसायची. सहा महिन्यांचं प्रोबेशन येत्या शुक्रवारी संपणार होतं. नोकरी कायम झाली की औषधांच्या खर्चाचे बेनिफिट्स सुरू होणार, आणि तिचा सगळा जीव त्यात अडकला होता. मिसिसागाचं वेअरहाऊस बंद पडल्यापासून तिचा नवरा ॲड्रियन इन्सुलिन पुरवून पुरवून घेत होता. विचारलं की म्हणायचा, "मी एकदम ओके आहे गं." खोटारडा मेला! फ्रिजमधल्या कुप्या ती रोज मोजत होती.

"किल्लीच्या रजिस्टरमध्ये शेवटची सही कोणाची?" मागून आवाज आला.

ही हिलरी फिंच, काउंटीची क्लार्क. आपल्याकडच्यासारखी कारकून नव्हे बरं का. इथली क्लार्क म्हणजे सगळ्या कायद्यांची आणि कागदांची मालकीण. आधीचा क्लार्क तीस वर्षं काढून जूनमध्ये रिटायर झाला आणि त्याच्या जागी ही आली. जिची फाइल नाही ती गोष्ट जगात नाही, असं हिचं ठाम मत.

एडनानं रजिस्टर उघडलं. गुरुवार, साडेआठ ते नऊ. साखळी पुसण्यासाठी. सही एडनाची. त्यानंतर सभागृह कार्पेट धुवायला बंद होतं, ते आज उघडलं होतं.

"म्हणजे साखळी शेवटची पाहिली तुम्हीच," हिलरी म्हणाली. "एडना, मला तुमच्याबद्दल शुक्रवारी एका कागदावर सही करायची आहे. दोन कागद तयार आहेत, एक कायम करण्याचा, एक काढून टाकण्याचा. दोन वाजेपर्यंत मला कळू द्या, कुठल्यावर करू."

२

एडना रडली. वॉशरूममध्ये जाऊन, नळ सोडून, बरोबर दोन मिनिटं. मग तोंड पुसून तिनं डोकं चालवायला घेतलं.

कपाट फोडलेलं नव्हतं. उघडून परत कुलूप लावलेलं होतं आणि वर आवरणही नीट घातलेलं होतं. आता मला सांगा, कुठला चोर एवढा व्यवस्थित असतो? हे काम ऑफिसातल्याच माणसाचं. किल्ल्या तीन. एक रजिस्टरची, एक हिलरीच्या गळ्यात, एक वॉर्डनकडे.

हिलरीला विचारायचं म्हणजे वाघिणीचे दात मोजायचे, पण एडनानं विचारलंच. "रागावू नका. गुरुवारी तुम्ही कुठे होता?"

"विनिपेगला, बहिणीकडे. बुधवारी गेले, रविवारी आले. बोर्डिंग पासची कॉपी फाइलला आहे." हिलरी जराही रागावली नाही, उलट खूश दिसली. "चांगला प्रश्न. आणि लिहून घ्या, मी जुलैमध्येच नियम केलाय. तीन सह्या आणि विमा कंपनीचं पत्र असल्याशिवाय साखळी इमारतीबाहेर जाणार नाही."

"जुलैपूर्वी जायची का बाहेर?"

"तशी कुठलीही फाइल नाही."

उरले वॉर्डन डग मॅकर्डी. साठीचे, बावीस वर्षं आपल्या गावचे मेयर, गोठ्यात शंभर गाई, आवाज त्या सगळ्यांना पुरून उरेल असा. साखळीवर माणसाचं भारी प्रेम. जुलैचा नियम होण्याआधी शाळेचं उद्घाटन असो की गावची जत्रा, डगसाहेब साखळी घालून हजर. लग्नाच्या वाढदिवसालाही घालून गेले होते म्हणे, पण ते त्यांच्या बायकोनं सांगितलेलं, खरंखोटं देव जाणे.

एडना केबिनमध्ये गेली तेव्हा ते निरोपाचं भाषण घोकत होते. टाइप केलेल्या कागदावर जागोजागी हिरव्या शाईत दुरुस्त्या. आपल्याकडे हिरवी शाई म्हणजे मोठा साहेब. इथे तसं काही नसतं, पण डगना ती आवडायची आणि ऑफिसात दुसरं कोणी ती वापरत नव्हतं.

"भयंकर झालं," डग म्हणाले. "भयंकर! माझा कोणावर संशय नाही. पण किल्लीच्या रजिस्टरमध्ये जे आहे ते आहे." मग खिडकीकडे बघत त्यांनी जोडलं, "दोन वाजेपर्यंत पर्सोनेल कमिटीचा अध्यक्ष मीच आहे. विनाकारण गाजावाजा करू नकोस, तर मीही तुझ्यासाठी शब्द टाकीन."

धमकी एडनाला कळली. तरी तिची नजर भाषणाच्या कागदावर गेलीच. 'आज या साखळीवर माझंही नाव आहे, याचा मला अभिमान वाटतो.'

"तुमचं नाव? मी गुरुवारी साखळी पुसली, तेव्हा शेवटची पट्टी गेल्या वर्षीच्या वॉर्डनची होती."

"लागते ती. दरवर्षी लागते."

"लावतं कोण?"

डगसाहेबांना अचानक वॉशरूमला जायचं आठवलं.

बाहेर तिच्या काउंटरवरचा फोन वाजतच होता. एडनानं उचलला आणि पलीकडून खणखणीत मराठी आलं, "एडनाबाई, काय म्हणतंय आपलं सरकार?"

हे चारुदत्त कर्णिक. मूळचे ठाण्याचे, वय वर्षं चौऱ्याऐंशी. हॅमिल्टनच्या पोलाद कारखान्यात एकतीस वर्षं इंजिनिअर होते, आता काउंटीच्याच सीडरव्ह्यू होममध्ये राहायचे. होमसमोरच्या रस्त्यावर झेब्रा क्रॉसिंग हवं, म्हणून दर मंगळवारी त्यांचा फोन यायचा.

"काका, आज नको हो. इथे आभाळ कोसळलंय."

"बरं बरं. दोनचा कार्यक्रम वेळेवर आहे ना?"

"काय सांगू! नसेलही."

"असं?" काका म्हणाले. आवाजात काळजी कमी आणि मजाच जास्त होती. "मग चालू द्या तुमचं." फोन बंद झाला.

रिसीव्हर हातात तसाच धरून एडना विचार करत राहिली. चांदीवर पट्टी जोडायची तर डाख लावावा लागतो, आच लागते. या इमारतीत गरम होणारी वस्तू एकच, ती म्हणजे कॉफी मशीन. मग साखळी दरवर्षी बाहेर जात असणार. आणि फाइल नाही, बिल नाही, पावती नाही. अशी गुपचूप या इमारतीतून बाहेर जाणारी गोष्ट कोणती?

ती उठली आणि बेसमेंटचा जिना उतरू लागली.

३

बेसमेंटमध्ये मार्क पिशव्या भरत होता. हा काउंटी लायब्ररीचा व्हॅनवाला. आठवड्यातून दोनदा, सोमवारी आणि गुरुवारी, प्रत्येक गावच्या शाखेत आणि सीडरव्ह्यू होममध्ये तो पुस्तकं पोचवायचा. पिशव्या हिरव्या, प्रत्येकीत एक स्लिप, स्लिपवर आतल्या वस्तूंचा आकडा.

"मार्क, गुरुवारी इथून काही विचित्र गेलं का?"

"मी पिशवी उघडत नाही. मी उचलतो आणि ठेवतो." मग त्याचा चेहराच वाकडा झाला. "पण गुरुवारचं नावच काढू नकोस! होमची पिशवी. तिथल्या डेस्कवर मोजली तर पुस्तकं बारा आणि स्लिपवर तेरा! बर्फात व्हॅनच्या सीटखाली पालथा पडून मी ते तेरावं पुस्तक शोधलं. मिळालं नाही. अजून कंबर दुखते."

"स्लिप आहे?"

स्लिप न ठेवून कसं चालेल? काउंटी आहे ही. मार्कनं खोक्यातून काढून दिली.

छापलेला आकडा होता बारा. तो एका रेघेनं नीट खोडलेला आणि शेजारी ठसठशीत तेरा लिहिलेलं. हिरव्या शाईत.

एडना आधी बघतच राहिली आणि मग हसत सुटली. मार्कला वाटलं, बाईचं डोकं फिरलं. नियम मोडून तीन किलो चांदी पळवणारा माणूस, आणि पिशवीत एक वस्तू वाढली म्हणून स्लिप दुरुस्त करतो! बावीस वर्षं मेयर राहिलेल्या माणसाशिवाय हे कोणाच्या हातून होणार?

चोर सापडला होता. पण साखळी परत का आली नाही? सोमवारच्या पिशवीतून यायला हवी होती.

"होममध्ये पिशवी डेस्कवर जायच्या आधी कोणाच्या हातात जाते रे?"

"तो म्हातारा घेतो ना. पुस्तकांची ट्रॉली तोच फिरवतो. तुमच्या इंडियाचाच आहे. कर्णिक."

तेव्हा अकरा वाजून गेले होते. एडनानं जाडजूड पार्का कोट चढवला आणि गाडी काढली.

४

सीडरव्ह्यूच्या हॉबी रूममध्ये कर्णिक काका खिडकीशी बसले होते. अंगात राखाडी स्वेटर, डोळ्यांवर भिंग लावलेला चष्मा, आणि गळ्यात हार्लो काउंटीची साखळी.

"या एडनाबाई! चहा घेणार? इथला चहा म्हणजे नुसतं कोमट पाणी, पण मी आलं ठेवतो खिशात."

"काका!" एडनाला रागही आला आणि हायसंही वाटलं. "अहो, माझी नोकरी जायची वेळ आलीय आणि तुम्ही इथे गळ्यात घालून बसलाय?"

काकांच्या चेहऱ्यावरची मजा उतरली. "तुझी? तुझा काय संबंध? ती तर डगनं पाठवली. रिटायर झाल्यापासून दरवर्षी पट्ट्या मीच लावतो. जुना क्लार्क गुपचूप पिशवीत घालून द्यायचा. यंदा तो नाही, म्हणून डगनं स्वतः घातली. सोबत चिठ्ठी, कोणाला सांगू नका, नवीन बाई फार कडक आहे. त्याची पट्टी शुक्रवारीच लावली मी. बघ, केसाएवढीही फट दिसते का?"

फट नव्हती. काम खरंच सुरेख होतं.

"मग परत का नाही पाठवलीत?"

काकांनी टेबलाच्या खणातून पत्रांचा गठ्ठा काढला. "वाच."

पहिलं पत्र काउंटीला: होमसमोर क्रॉसिंग हवं. उत्तर: रस्ता काउंटीचा, पण क्रॉसिंग फुटपाथपासून सुरू होतं, फुटपाथ गावाचा, गावाला लिहा. दुसरं गावाला. उत्तर: फुटपाथ आमचा, पण क्रॉसिंग रस्त्यावर असतं, रस्ता काउंटीचा, काउंटीला लिहा. तिसरं, चौथं, पाचवं, सहावं. इकडून तिकडे, तिकडून इकडे. काउंटीकडून परत फिरलेल्या प्रत्येक पत्रावर शिक्का होता, 'पुढील कार्यवाहीसाठी रवाना'. शिक्क्याखाली सही, ई. तुस्कानो.

एडनाचा चेहरा उतरला.

"समोर बस स्टॉप आहे, ग्रोसरी आहे," काका म्हणाले. "ऑक्टोबरात आमची लॉरेन दूध आणायला निघाली. वॉकर घेऊन अर्ध्यात पोचली आणि ट्रक आला. वाचली, पण कंबरेचं हाड मोडलं. आता ती खोलीबाहेर येत नाही. माझ्याबरोबर रोज पत्ते खेळायची गं. जीव तुटतो माझा."

"मी... मी नियमाप्रमाणे पाठवत होते, काका. वाचत होते प्रत्येक पत्र. खरंच वाचत होते."

"माहीत आहे. म्हणून तर फोन तुलाच करतो. पण साखळी मी अशी देणार नाही. डगनं स्वतः येऊन न्यावी. गाडी गेटात आणायची नाही. समोरच्या बस स्टॉपवर उतरायचं आणि आम्ही जसे येतो तसं चालत यायचं." त्यांनी चष्मा काढला. "तुझ्यावर बालंट येणार असेल, तर आत्ता घेऊन जा. मी अडवणार नाही."

एडनानं साखळीला हात लावला. तीन किलो चांदी, म्हणजे ॲड्रियनच्या कुप्या. घेऊन गेलं, कपाटात ठेवली, कुठल्या तरी खणात सापडली म्हटलं, डगसाहेबांनी शब्द टाकला, की सगळं मिटलं. कोणी विचारणारही नव्हतं.

तिनं हात मागे घेतला आणि हिलरीला फोन लावला. "साखळी सुरक्षित आहे. डगना घेऊन सीडरव्ह्यूला या. समोरच्या बस स्टॉपवर. आणि प्लीज, माझे दोन्ही कागद आणा."

५

पाऊण वाजता काउंटीची व्हॅन बस स्टॉपवर थांबली. त्यातून हिलरी उतरली, डग उतरले, आणि त्यांच्यामागे जोआन पीटर्स, दोन वाजता वॉर्डन होणारी शेजारच्या गावची मेयर. त्यांना आणायला एडना होममधून निघाली. रस्ता ओलांडायला तिला सात मिनिटं लागली, आणि मधे एकदा ती जिवाच्या आकांतानं पळाली.

"चला," डग म्हणाले आणि पाऊल टाकलं. एक ट्रक त्यांच्या टोपीला वारा घालून गेला. पाऊल मागे आलं.

मग चौघं उभे राहिले. ट्रक, गाड्या, परत ट्रक. समोरच्या खिडकीत कर्णिक काका साखळी घालून बसलेले स्वच्छ दिसत होते. त्यांनी हात हलवला.

"तो माणूस!" हिलरी ओरडली. "त्याच्याकडे साखळी गेली कशी?"

रस्ता काही मोकळा होत नव्हता, आणि थंडीत नुसतं उभं राहून करणार काय? एडना बोलू लागली. कुलूप परत लावलेलं होतं, म्हणजे माणूस आतला. रजिस्टरची किल्ली तिच्याकडे होती, पण साखळीवर नाव तिचं लागणार नव्हतं. हिलरी विनिपेगला होती. नाव कोणाचं लागणार होतं? नाव लावायचं तर साखळी बाहेर जायला हवी, आणि गुरुवारी बाहेर गेली ती फक्त लायब्ररीची पिशवी. तिनं खिशातून स्लिप काढून हिलरीच्या हातात दिली.

हिलरीनं हिरवा तेरा बघितला. मग डगकडे बघितलं. डग खिडकीकडे बघत होते.

"बावीस वर्षं," ते शेवटी म्हणाले. त्यांचा एवढा मोठा आवाज कुठे गेला होता कोण जाणे. "बावीस वर्षं मेयर आहे मी. एक वर्ष वॉर्डन. माझं नाव लागल्याशिवाय ती दुसऱ्याच्या गळ्यात गेली असती, तर नंतर कोणी लावलं असतं? तीन सह्या कोण देणार होतं? सोमवारी परत आली नाही तेव्हा मी घाबरलो. आणि या पोरीवर आळ येऊ दिला. लाज वाटते मला."

"वाटायलाच हवी," एडना म्हणाली. म्हणून गेल्यावर तिला कळलं, आपण वॉर्डनला काय बोललो ते. पण आता बोललीच होती, तर पुढचंही बोलली. "आणि मलाही वाटते. त्या माणसानं सहा पत्रं लिहिली आणि तीन वेळा ती मी परत फिरवली. रस्ता कोणाचा, फुटपाथ कोणाचा! त्या बाईचं हाड मोडलं, ते कुठल्या खात्याचं?"

 आणखी पाच ट्रक गेले.

"आपण इथे किती वेळ उभे आहोत?" जोआननं विचारलं.

"एकोणीस मिनिटं," हिलरी म्हणाली. ती वेळ लिहून घेत होती.

"हिलरी, ठराव लिहा," जोआन म्हणाली. "माझ्या सभेतला पहिलाच. क्रॉसिंग आणि सिग्नल, दोन्ही टोकं काउंटी करेल. गावाशी भांडण नंतर."

"अनुमोदन," डग घाईनं म्हणाले.

"लिहायला टेबल नाही," हिलरी म्हणाली. "एडना, मागे वळा. जरा वाका."

एडना वळली. पार्काच्या पाठीवर तिला हिलरीच्या पेनाचा दाब जाणवत होता. ठराव बराच लांब होता. मग कागद बदलल्याची खसखस झाली. दुसरा कागद टेकला.

"हे काय?" एडनानं विचारलं. 

"हलू नका. सही वाकडी होते."

दोन कागद होते. कुठला टेकलाय ते पाठीला कसं कळणार? एडनानं डोळे मिटले. पेन पाठीवरून गेलं, थांबलं, आणि खाली एक रेघ मारली.

तेवढ्यात रस्त्यावर करकचून ब्रेक लागले. काउंटीचाच बर्फ काढणारा भला मोठा ट्रक रस्त्यात आडवा उभा राहिला आणि ड्रायव्हरनं काच खाली केली. "वॉर्डन साहेब? काय झालं? ओलांडायचंय का?" मागे दोन्ही बाजूंना भोंगे वाजू लागले. डग, जोआन आणि हिलरी लगबगीनं पलीकडे निघाले. जाता जाता हिलरीनं एडनाच्या हातात कागद कोंबला.

एडनानं तो उघडला. वाचला. परत वाचला. मग हातमोजा दातांनी काढून तिनं ॲड्रियनला फोन लावला.

"काय गं? रडतेस का? नोकरी गेली का?" तो घाबरून विचारू लागला. "अगं, बोल तरी!"

"फार्मसीत जा," एडना हुंदके देत म्हणाली. "आत्ताच्या आत्ता जा, आणि पूर्ण महिन्याचं इन्सुलिन आण."